चाळीस फुटांचा कॅमेरा

1898 च्या जानेवारीत जालन्याला रेल्वे नव्हती. मनमाडहून औरंगाबाद, जालना करत सिकंदराबादेकडे जाणारा निजामाच्या मुलखातला फाटा अजून पुरा व्हायचा होता. रेल्वे नव्हती म्हणजे ग्रहण टिपायला निघालेल्यांच्या जड पेट्याही येणार नव्हत्या. तसाही त्या महिन्यातल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या सावलीचा मध्य जालन्याच्या दक्षिणेकडून गेला. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेची माणसं मुंबई-सोलापूर लोहमार्गावरच्या जेऊरला उतरली. हे करमाळा तालुक्यातलं गाव जालन्यापासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत आहे. त्यांच्या सामानात पाच इंच व्यासाचं एक भिंग होतं. त्याची फोकल लेंग्थ चाळीस फूट होती.

मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्यावर लांब फोकल लेंग्थची लेन्स लावणं म्हणजे काय, हे समजून घ्यायचं तर या टोकापासून सुरुवात केलेली बरी. लहान उदाहरणात ज्या अडचणी लपून राहतात, त्या इथे उघड्यावर येतात.

आधी कॅमेऱ्याची रचना. ज्याला व्ह्यू कॅमेरा म्हणतात, त्याच्या मुळाशी दोन उभ्या चौकटी असतात. पुढच्या चौकटीत लेन्स, मागच्या चौकटीत घासलेली काच, म्हणजे ग्राउंड ग्लास, आणि मध्ये दोघांना जोडणारा घड्यांचा बेलोज. डोक्यावर काळं कापड घेऊन मागच्या काचेवर उलटी प्रतिमा बघायची, फोकस साधायचा, मग काचेच्या जागी प्लेट किंवा फिल्म सरकवायची. चार बाय पाच इंचाच्या फिल्मला साधारण 150 मिलिमीटरची लेन्स नेहमीची, आठ बाय दहाला 300 ची. त्याच्या दुप्पट-तिप्पट गेलं की ती लेन्स लांब म्हणायची. नियम साधा आहे: दूरवरच्या वस्तूवर फोकस करायचा तर लेन्स आणि फिल्म यांच्यामधलं अंतर फोकल लेंग्थइतकं हवं. 480 ची लेन्स म्हणजे जवळजवळ अर्धा मीटर ताणलेला बेलोज. बाहेर घेऊन फिरण्याच्या बऱ्याच लाकडी कॅमेऱ्यांचा बेलोज 300 च्या आसपासच संपतो.

चाळीस फूट म्हणजे बरोबर 480 इंच. आकडा तोच, एकक तेवढं बदललं. या योगायोगाचा मी पुढे फायदा घेणार आहे.

एवढी लांबी कशासाठी? सूर्य किंवा चंद्र फिल्मवर केवढा येईल हे काढायला फोकल लेंग्थला ढोबळमानाने 110 ने भागायचं. 150 च्या लेन्सने चंद्र सव्वा-दीड मिलिमीटरचा येतो, 480 च्या लेन्सने साडेचार मिलिमीटरच्या जवळ. चाळीस फुटी भिंगाने सूर्याची प्रतिमा अकरा सेंटिमीटरच्याही वर गेली. खग्रास स्थितीत सूर्याच्या काठाशी ज्या ज्वाळा आणि प्रभामंडळाचे जे धागे दिसतात, ते तेवढ्या आकारात टिपले तर मोजता येतात. लेन्सने ते दूरचं जवळ येत नव्हतं, प्लेटवर मोठं मात्र होत होतं.

पण मोठं करणारी लेन्स सगळंच मोठं करते. पृथ्वी फिरते म्हणून सूर्य आकाशात सरकतो. चाळीस फुटी कॅमेऱ्याच्या प्लेटवर ते सरकणं दर सेकंदाला मिलिमीटरपेक्षा जरासंच कमी होतं. काही सेकंदांचं एक्स्पोजर दिलं तर सगळे धागे पुसलेच समजा. साध्या दुर्बिणीत यावर उपाय म्हणून अख्खी नळी घड्याळी यंत्राने फिरवतात. चाळीस फुटांची नळी फिरवायला केवढं यंत्र लागेल? लिकच्या जॉन मार्टिन शेबर्लेने हा प्रश्न उलटा सोडवला. लेन्स जमिनीला पक्की बांधायची, ग्रहणाच्या क्षणी सूर्य जिथे असेल तिकडे तिचं तोंड करून ठेवायचं आणि मागे प्लेटच रुळांवरून घड्याळी यंत्राने हळूहळू सरकवायची. 1893 च्या एप्रिलमध्ये चिलीतल्या मिना ब्रॉन्सेस इथे त्याने हा कॅमेरा डोंगराच्या उतारावर आडवा टाकून वापरला. उताराने निम्मं काम केलं.

जेऊरच्या माळावर असा उतार नव्हता. ग्रहणावेळी सूर्य क्षितिजापासून पन्नास अंशांच्या आसपास वर असणार होता, म्हणजे लेन्स प्लेटपेक्षा तीसेक फूट उंच हवी. मोहिमेचा प्रमुख विल्यम वॉलेस कॅम्पबेल. त्याची पत्नी एलिझाबेथही सोबत होती. त्याने खाली खड्डा खणून त्यात प्लेटची गाडी बसवली आणि लेन्ससाठी मनोरा उभारला. त्यातली खरी युक्ती अशी की मनोरे दोन होते, एकात एक. आतला मनोरा फक्त लेन्स धरून होता. बाहेरच्या मनोऱ्यावर कापडी नळी टांगलेली होती. वारा आला तर नळी हलो, बाहेरचा मनोरा थरथरो. आतल्याला त्याचा धक्का पोचणार नाही.

ही रचना मला या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटते. लांब लेन्सबद्दल बोलताना लोक काचेबद्दल बोलतात: कुणाची बनावट, किती भिंगं, कुठला लेप. काच महत्त्वाची आहेच, पण ती विकत मिळते. दोन टोकं एकमेकांपासून नेमक्या अंतरावर, एक्स्पोजर संपेपर्यंत, निश्चल धरून ठेवणं विकत मिळत नाही. ते ज्याचं त्याला जमवावं लागतं.

शनिवार, 22 जानेवारी 1898, पौष अमावास्या. मुंबई-पुण्यात प्लेगची साथ चालू होती. जेऊरला आकाश स्वच्छ होतं आणि सूर्य सुमारे दोन मिनिटं पूर्ण झाकला गेला. चाळीस फुटी कॅमेऱ्याने ते प्लेटांवर टिपलं. याच माळावर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगामवाला आपल्या उपकरणांसह हजर होते, आणि जपानहूनही एक तुकडी आली होती. ग्रहणाचं नाव काढलं की आपल्याकडे विजयदुर्गावर तळ ठोकलेला खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर आणि तिथले ‘साहेबाचे कट्टे’ आठवतात, जेऊर फारसं कुणाला आठवत नाही. किल्ल्यावरचे कट्टे राहिले. खड्डा बुजतो आणि मनोरे उतरवले जातात, एवढाच दोष जेऊरचा.

आता इंचांवरून मिलिमीटरवर येऊ आणि जालना जिल्ह्यात शिरू.

जिल्ह्याचा बराच भाग मोकळा, सपाट. दक्षिणेला गोदावरीचा काठ, उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या रांगेचे उतरत आलेले फाटे, मध्ये कापूस, तूर, मोसंबीच्या बागा. या प्रदेशात रुंद कोनाच्या लेन्सने फोटो काढला तर हाती येतं ते बहुतेक आकाश आणि ढेकळं. इथलं दृश्य दूर आहे. राजूरच्या टेकडीवरचं गणपतीचं देऊळ घ्या. दोन किलोमीटरवरच्या शेतातून त्याकडे बघायचं, आणि शिखराची उंची पंधरा मीटर धरायची (हिशेबापुरती). 150 च्या लेन्सने ते फिल्मवर जेमतेम एक मिलिमीटर येईल. 480 ने साडेतीन, 600 ने साडेचार. आठ बाय दहा इंचाच्या फिल्मवर साडेचार मिलिमीटर म्हणजे अजूनही लहानच, पण त्यातले कळस आणि झेंडे भिंगाखाली मोजता येतील इतके धारदार असतात, आणि टेकडी, पायथ्याची झाडं, अलीकडची शेतं सगळी एकाच्या मागे एक उभी राहतात.

लांब लेन्स अंतरं ‘दाबते’ असं म्हणतात. दाबणारी लेन्स नसते, तुम्ही उभे राहता ती जागा असते. त्याच बांधावरून 150 ने फोटो काढा आणि मधला तुकडा मोठा करून बघा, झाडं आणि टेकडी तितकीच खेटलेली दिसतील. लेन्स फक्त त्या तुकड्याने अख्खी फिल्म भरते. म्हणून आधी पायांनी जागा ठरवायची आणि नंतर पेटीतून लेन्स काढायची. हा क्रम उलटा करणारे मी इतके पाहिले आहेत की हे पुन्हा पुन्हा सांगायला मला कंटाळा येत नाही.

जागा ठरली, कॅमेरा उभा केला, बेलोज अर्धा मीटर ताणला. इथून जेऊरचीच कहाणी सुरू होते. ताणलेला बेलोज म्हणजे दोन चौकटींमध्ये बांधलेलं शीड. कॅमेरा एका अंशाचा साठावा भाग हलला, तर 480 च्या लेन्सखाली प्रतिमा मिलिमीटरच्या सातव्या भागाइतकी सरकते. मोठ्या फिल्मची सगळी धार तिथेच गेली. वर लेन्सचं वजन टोकाशी, तिपाई मधोमध, त्यामुळे पुढची चौकट झोके घेते. बरेच जण पुढच्या टोकाखाली दुसरी तिपाई किंवा निदान एक काठी लावतात. त्याचा उपयोग होतो, पण जमीन साथ देईल तर. काळ्या मातीत पावसानंतर तिपाईचे पाय रुतत राहतात आणि उन्हाळ्यात भेगांच्या कडा ढासळतात. मुरमाड बांध शोधावा, नाहीतर पायांखाली फरशीचे तुकडे टाकावेत. वाऱ्याच्या बाजूला छत्री धरायला कुणीतरी उभं केलं तर कॅम्पबेलच्या बाहेरच्या मनोऱ्याचं काम थोडंफार होतं. छत्री कॅमेऱ्याला टेकता कामा नये, हे त्या माणसाला आधीच बजावून ठेवावं.

घाई करून शटर वेगाने चालवावं म्हटलं तर तेही जमत नाही. कारण फोकसची खोली. 150 च्या लेन्सला छिद्र f/22 वर ठेवलं तर दहा मीटरवर फोकस केल्यावर पाच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. 480 ला त्याच छिद्रावर शंभर मीटरवर फोकस करावा लागतो आणि पन्नास मीटरच्या अलीकडचं सगळं धूसर. f/45 पर्यंत छिद्र बारीक केलं की हद्द पंचवीस मीटरवर येते, पण मग भर उन्हातसुद्धा 100 आयएसओच्या फिल्मला सेकंदाचा बारावा भाग लागतो. पिवळा फिल्टर लावला तर सहावा भाग. सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा सेकंद सहज. अर्धा सेकंद वारा थांबेल का, एवढा एकच प्रश्न उरतो.

व्ह्यू कॅमेऱ्याकडे यावर एक हत्यार आहे: लेन्सची चौकट पुढे झुकवणं. ऑस्ट्रियाच्या सैन्यातला कॅप्टन थिओडोर शाइम्पफ्लूग याने 1904 च्या सुमारास हवाई फोटोंसाठी याचं गणित मांडलं. फिल्मचं, लेन्सचं आणि दृश्याचं अशी तीन प्रतलं एका रेषेत मिळाली, की दृश्याचं अख्खं प्रतल छिद्र बारीक न करताही फोकसमध्ये येतं. कापसाचं शेत पायाशी सुरू होऊन क्षितिजापर्यंत जातं तेव्हा हे अगदी हवं असतं. पण लांब लेन्सला इथेही जास्त किंमत मोजावी लागते. लेन्स जमिनीपासून दीड मीटर वर असेल तर 150 साठी पावणेसहा अंशांचा झुकाव पुरतो. 480 साठी तो साडेअठरा अंशांच्या वर जातो. काही कॅमेरे एवढं झुकतच नाहीत, आणि झुकले तरी कपाशीची झाडं कमरेइतकी वाढलेली असतील तर शेंडे एका प्रतलात आणि बुंधे दुसऱ्या. बियाणं पेरल्या पेरल्या जावं, किंवा पळाट्या उपटल्यावर.

बेलोज पुरत नाही त्यांच्यासाठी टेलिफोटो लेन्स असते. 1891 मध्ये इंग्लंडचा थॉमस डालमायर, जर्मनीचे आडोल्फ मीटे आणि श्टाइनहाइल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ही रचना बसवली. पुढे प्रकाश गोळा करणारा गट, मागे तो पसरवणारा गट. त्यामुळे लेन्स आपल्या फोकल लेंग्थपेक्षा फिल्मच्या बऱ्याच जवळ बसते. निकॉनने मोठ्या कॅमेऱ्यांसाठी काढलेल्या अशा एका लेन्सचा मागचा गट बदलला की तीच 360, 500 किंवा 720 होते. सोय मोठी. मात्र ती झुकवायला गेलं की त्रास होतो. तिचा प्रकाशीय मध्यबिंदू काचेच्या पुढे हवेतच कुठेतरी असतो, त्यामुळे चौकट झुकवली की प्रतिमा झुकण्याऐवजी आधी काचेवरून सरकून जाते. मग पुन्हा चौकट साधा, पुन्हा फोकस, पुन्हा झुकाव. सपाट प्रदेशात काम करायचं असेल तर मी साधी लांब लेन्स आणि लांब बेलोज हीच जोडी पसंत करीन, वजन सोसून.

आणि साध्या लांब लेन्सा स्वस्तात मिळाल्या त्या छापखान्यांमुळे. ब्लॉक बनवण्याच्या आणि पुढे ऑफसेटच्या काळात प्रत्येक मोठ्या छापखान्यात प्रोसेस कॅमेरा असे. खोलीभर लांब, रुळांवर चालणारा, एका टोकाला मूळ चित्र आणि दुसऱ्या टोकाला अंधाऱ्या खोलीत उघडणारी फिल्म. पुण्याच्या सरकारी फोटोझिंको छापखान्याचं तर नावच या कामावरून पडलं आहे: नकाशाचा फोटो काढायचा आणि तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवून छापायचा. नकाशातली सरळ रेघ कडेलाही सरळच राहायला हवी, म्हणून या कॅमेऱ्यांना लांब फोकल लेंग्थच्या, अत्यंत सपाट प्रतिमा देणाऱ्या लेन्सा लागत. रोडेनस्टॉकची अपो-रोनार, गोर्झची अपो-आर्टार ही त्यातली गाजलेली नावं. स्कॅनर आले, कॅमेरे मोडीत निघाले, लेन्सा हौशी लोकांकडे आल्या. f/9 म्हणजे अंधुक, बहुतेकींना शटरच नाही. पण एक-दोन सेकंदांच्या एक्स्पोजरला टोपी काढून पुन्हा लावणं पुरतं, आपले जुने फोटोग्राफर काही वेगळं करत नव्हते.

या लेन्सा जवळच्या कामासाठी घडवलेल्या, त्यामुळे त्यांचा आणखी एक उपयोग जालन्यातल्याच एका वस्तूवरून सांगता येतो. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथे 1970 च्या दशकातल्या उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. 1938 साली इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं साम्य अभ्यासकांनी दाखवलं. अशी मूर्ती फिल्मवर मूळ आकारात आणायची तर लेन्सपासून फिल्म फोकल लेंग्थच्या दुप्पट अंतरावर लागते, आणि वस्तूही पुढे तेवढ्याच अंतरावर. 150 ने काम केलं तर लेन्स मूर्तीपासून 30 सेंटिमीटरवर येते. जवळचा हात फुगतो, मागची वेणी बारीक होते, दिवे ठेवायला जागा उरत नाही. 480 ने ते अंतर 96 सेंटिमीटर होतं आणि मूर्तीची प्रमाणं शिल्पकाराने दिली तशी दिसतात. बदल्यात बेलोज 96 सेंटिमीटर ताणायचा आणि एक्स्पोजर चौपट द्यायचं, कारण प्रकाश दुप्पट अंतरावर पसरला की चौपट पातळ होतो. लेन्सकडचा फोकस फिरवायला हात पोचत नाही, मागच्या चौकटीने फोकस करावा लागतो. दार बंद, पंखा बंद, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसांना चालू नका म्हणून सांगायचं.

बाहेर मात्र दार बंद करता येत नाही. लांब लेन्सच्या पुढे किलोमीटरभर हवा असते आणि तीही प्रतिमेचाच भाग असते. चैत्र-वैशाखात काळी जमीन तापली की सकाळी नऊनंतर क्षितिज लवलवायला लागतं. ते लेन्सने मोठंच होतं, आणि त्यावर कुठलीही तिपाई उपयोगाची नाही. सूर्योदयानंतरचा तासभर, किंवा पावसाने हवा धुतल्यावरचे भाद्रपद-आश्विनातले दिवस, एवढंच आपल्या हातात.

हवेचा निळसरपणा हा वेगळा प्रश्न. हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, आणि एकोणिसाव्या शतकातल्या नेहमीच्या प्लेटांना जवळजवळ निळंच दिसे. त्यांच्या लेखी दूरचा डोंगर म्हणजे पांढरा पडदा. निजामाचे फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांनी याच मुलखात वेरूळ आणि दौलताबाद टिपलं. त्या काळच्या कॅमेऱ्यापुढे लेणी आणि तटबंदी जशा उतरत, तसा दूरचा डोंगर उतरत नसे, याला प्लेटांची ही आंधळी बाजूही कारण आहे. आज ज्यांना महागडी आयात फिल्म परवडत नाही ते दवाखान्यांसाठीची एक्स-रे फिल्म कापून वापरतात. तिला निळं आणि हिरवं दिसतं, लाल नाही, म्हणून लाल दिव्यात ती हाताळता येते. पिवळा फिल्टर लावला तर दूरची रेघ बरीच परत येते. लाल फिल्टर लावला तर कोरी फिल्म.

लांबी कधी नको, हेही 1898 च्या त्याच दुपारी दिसलं. धामणगाव आणि पुलगाव यांच्यामधल्या तळणी स्टेशनाजवळ ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी उतरली होती. तिच्यातल्या अॅनी माँडर यांच्याजवळ डालमायरचीच, दीड इंच व्यासाची आणि फोकल लेंग्थ वीतभर असलेली लहानशी लेन्स होती. तिने प्रभामंडळाची साठ लाख मैल लांब पसरलेली एक शलाका टिपली. तोवर एवढी लांब शलाका कुणी फोटोत पकडली नव्हती. जेऊरच्या कॅमेऱ्याला ती दिसणं अवघडच होतं. 480 इंच भागिले पाच इंच, म्हणजे f/96. माँडर यांची लेन्स f/6. दर चौरस मिलिमीटरला अडीचशे पट जास्त प्रकाश. आणि प्रकाश पुरला असता तरी साठ लाख मैल म्हणजे सूर्याचे सात व्यास. चाळीस फुटी कॅमेऱ्यात ती शलाका मावायला एका बाजूलाच ऐंशी सेंटिमीटर काच लागली असती. माँडर यांच्या प्लेटवर ती दीड सेंटिमीटरमध्ये मावली.